गुप्तरोगांवरील मौन मोडणारे प्राध्यापक

प्रतापनगरातील एखादी गर्भवती आज तपासणीसाठी रुग्णालयात जाते, तेव्हा नियमित रक्तचाचण्यांत उपदंश आणि एचआयव्ही यांच्या चाचण्याही असतात. शंभर वर्षांपूर्वी अशा रोगांचे नावही घरात घेता येत नव्हते. ते जाहीरपणे घेण्याचे धाडस महाराष्ट्रात गणिताच्या एका प्राध्यापकाने केले. ते म्हणजे रघुनाथ धोंडो कर्वे.

महर्षी धोंडो केशव कर्वे यांच्या या ज्येष्ठ पुत्राचा जन्म १४ जानेवारी १८८२ रोजी झाला. बालपणीच आई राधाबाई यांचे छत्र हरपले. गणिताच्या उच्च शिक्षणासाठी ते १९१९ मध्ये पॅरिसला गेले. परतल्यावर १९२१ मध्ये त्यांनी मुंबईत संततिनियमन केंद्र सुरू केले. मेरी स्टोप्स यांचे लंडनमधील केंद्रही त्याच वर्षीचे.

‘गुप्तरोगांपासून बचाव’ हे पुस्तकही त्यांनी लिहिले. त्या काळी पती बाहेरून रोग घेऊन येई आणि पत्नी तो निमूटपणे सोशी. परम्याची लक्षणे स्त्रियांत अनेकदा जाणवतच नाहीत. पुढे वंध्यत्व आले की दोष मात्र तिच्याच माथी. उपदंशामुळे गर्भपात होत, मृत अर्भके जन्मत. पेनिसिलीन येण्यापूर्वी उपचार दीर्घ आणि क्लेशदायक असल्याने प्रतिबंधाला मोठे मोल होते.

या कार्याची किंमत त्यांना मोजावी लागली. १९२५ मध्ये विल्सन महाविद्यालयातील नोकरी सोडावी लागली. जुलै १९२७ मध्ये त्यांनी ‘समाजस्वास्थ्य’ मासिक काढले. त्यातील मजकुरावरून अश्लीलतेचे खटले झाले, दंड झाले. १९३४ मधील खटल्यात डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्यांच्या बाजूने उभे राहिले. पत्नी मालतीबाईंची साथ अखंड होती. १४ ऑक्टोबर १९५३ रोजी कर्वे यांचे निधन झाले आणि त्याच वर्षी मासिकही थांबले. मात्र त्याआधीच, १९५२ मध्ये, केंद्र सरकारने कुटुंबनियोजनाचा कार्यक्रम हाती घेतला होता.

आज औषधे सहज मिळतात, शासकीय रुग्णालयांत तपासणीची सोय आहे. तरीही संकोचापोटी दुखणे लपविणाऱ्या स्त्रिया आहेत, आणि पत्नीबरोबर स्वतःची तपासणी करून घेण्यास टाळाटाळ करणारे पतीही आहेत. एकट्या पत्नीवर उपचार झाले, तर रोग पुन्हा घरात येतो. म्हणूनच कर्वे यांनी समाजापुढे मांडलेला हा विषय आजही पती-पत्नींनी मिळून, मोकळेपणाने बोलण्याचा आहे.