किताबांसाठी बांधलेली इमारत

जालन्याच्या मस्तगडाचे नशीब चांगले म्हणायचे. निजामुल्मुल्क आसफजाह यांच्या हुकुमावरून काबिल खान यांनी 1725 मध्ये तो बांधला, तो फौजेच्या कामासाठी. पुढे त्यात नगरपालिकेचे दफ्तर आले. बिदरच्या मदरशाचे मात्र नेमके उलटे झाले. किताबांसाठी उभारलेल्या त्या इमारतीत नंतर घोडदळ आणि बारूद शिरली.

मदरसा बांधणारे ख्वाजा महमूद गवान इराणच्या गीलान प्रांतातले. 1453 मध्ये व्यापारी म्हणून ते कोकणातल्या दाभोळ बंदरात उतरले, तेव्हा वयाची चाळिशी उलटलेली होती. तिथून ते बहामनी राजधानी बिदरला आले. सुलतान अलाउद्दीन अहमदशाह यांनी या शहरात दारुश्शिफा म्हणजे दवाखाना उभारला होता. तिथे मुस्लिम हकीम आणि हिंदू वैद्य दोघेही असत आणि खर्चासाठी गावांचे उत्पन्न लावून दिले होते. इमारत बांधणे सोपे, ती रोज चालवणे अवघड, याची ती जाण होती.

गवान पुढे सल्तनतीचे वजीर झाले. त्यांनी गोवा जिंकला, जमिनीची मोजणी करवली, चार सुभ्यांचे आठ केले. पण त्यांची ओळख टिकली ती मदरशाने. सुमारे 205 फूट लांब आणि 180 फूट रुंद अशी ही तीन मजली वास्तू. मध्ये मोकळे अंगण. तीन बाजूंच्या मधोमध शिकवण्याची उंच दालने, त्यांचा भाग भिंतीबाहेर पुढे काढलेला, म्हणून उजेड आणि वारा थेट आत. पूर्वेच्या दर्शनी बाजूस मशीद आणि कुतुबखाना, उरलेल्या जागेत उस्ताद आणि तालिबे-इल्म यांच्या राहण्याच्या खोल्या. शिकणे, नमाज, वाचन, मुक्काम सगळे एकाच आवारात. आज ज्याला कॅम्पस म्हणतात, ते दख्खनमध्ये 1472 च्या सुमारास असे उभे राहिले.

मदरशाचे साल कुरआनच्या शब्दांतून काढलेले आहे. हजरत इब्राहीम आणि हजरत इस्माईल काबागृहाच्या भिंती उभारताना आपले काम कबूल व्हावे म्हणून जी दुआ मागतात, तिच्या सुरुवातीच्या शब्दांची अक्षरगणना केली की हिजरी 876 येते. तरावीहच्या पहिल्या पाऱ्यातच ही आयत ऐकायला मिळते.

दरबारातल्या विरोधकांना गवान खुपत होते. त्यांच्या शिक्क्याच्या कोऱ्या कागदावर ओरिसाच्या राजाला उद्देशून बनावट पत्र लिहिले गेले. सुलतान मुहम्मदशाह यांनी शहानिशाही केली नाही. 5 एप्रिल 1481 रोजी कोंडापल्ली येथे, सत्तरी ओलांडलेल्या वजिराचा शिरच्छेद झाला. नंतर त्यांच्या दौलतीचा शोध घेतला गेला. फरिश्ता या इतिहासकाराने लिहून ठेवले आहे की त्यांचे खजिने दोन होते, एक सरकारी खर्चाचा आणि दुसरा गरिबांचा. त्या दुसऱ्यात निघाल्या अवघ्या तीनशे लारी. पगाराचा पैसा खैरातीत जाई; स्वतः चटईवर झोपत, मातीच्या भांड्यात जेवत. सुलतानही वर्षभरात गेले.

कुतुबखान्यात तीन हजार हस्तलिखिते होती. 1696 मध्ये, मोगल अमलात, मदरशात साठवलेल्या बारुदीचा स्फोट झाला. दर्शनी भागाचा मोठा हिस्सा आणि दोन मिनारांपैकी एक कोसळला. उत्तरेचा मिनार उभा आहे, निळ्या-हिरव्या फरशांचे तुकडे अंगावर घेऊन.