सावित्रीबाई माहेरीं

माहेर म्हणजे विसावा, असें आपण समजतों. पुण्यांत मुलींच्या शाळा चालविणाऱ्या सावित्रीबाई फुले दुखण्यानें खचून १८५६ सालीं सातारा जिल्ह्यांतील नायगांवीं माहेरीं आल्या. वय अवघें २५. भावानें रात्रंदिवस शुश्रूषा केली. पण अस्पृश्यांस शिकविणाऱ्या पतिपत्नींस वाळींत टाकलें तें योग्यच, असेंही त्यानेंच ऐकविलें. दुखण्याहून हा घाव खोल, असें आम्हांस वाटतें. बाई डगमगल्या नाहींत. नागपंचमीस सापाला दूध पाजणाऱ्यानें माणसाचा विटाळ कां मानावा, हें त्यांनीं विचारलें. भाऊ ओशाळला, त्यानें क्षमा मागितली. १० ऑक्टोबरच्या पत्रांत त्यांनीं हें जोतीरावांस कळविलें. शाळेचा भार एकट्या फातिमेवर पडला असेल, ही चिंताही त्यांत आहे. पूर्ण बरें वाटतांच पुण्यास येण्याचें त्यांनीं लिहिलें.