ताऱ्यांच्या खऱ्या जागा शोधणारे टायको ब्राहे

मावळत्या सूर्याची खालची कडा क्षितिजाला टेकलेली दिसते, तेव्हा खरे पाहता संपूर्ण सूर्य क्षितिजाखाली गेलेला असतो. त्याचे किरण पृथ्वीभोवतीच्या हवेतून येताना वाकतात, म्हणून तो वर उचललेला दिसतो. यालाच वक्रीभवन म्हणतात. ग्रह आणि तारेही असेच आपल्या खऱ्या जागेहून किंचित वर दिसतात. हे पूर्वीच्या विद्वानांना ठाऊक होते. परंतु हा फरक मोजून त्याचे कोष्टक तयार केले ते टायको ब्राहे यांनी.

टायको यांचा जन्म १४ डिसेंबर १५४६ रोजी एका डॅनिश सरदार घराण्यात झाला. त्यांनी कायद्याचे शिक्षण घ्यावे, अशी घरची इच्छा होती. पण त्यांचे मन आकाशात रमले. १५६३ साली गुरू आणि शनी यांच्या युतीची वेळ जुन्या कोष्टकांनी चुकीची सांगितल्याचे त्यांना आढळले. अचूक वेधांवाचून ज्योतिषशास्त्राला पाया नाही, हे सोळा वर्षांच्या टायको यांनी ओळखले.

१५७६ साली डेन्मार्कचे राजे दुसरे फ्रेडरिक यांनी त्यांना ह्वेन नावाचे बेट दिले. तेथे त्यांनी युरानिबोर्ग ही वेधशाळा उभारली. दुर्बिणीचा शोध तेव्हा लागलेला नव्हता. प्रचंड यंत्रे आणि नुसते डोळे एवढ्याच बळावर ते वेध घेत.

त्यांनी बेटाचे अक्षांश दोन रीतींनी काढले : एकदा ध्रुवताऱ्यावरून आणि एकदा सूर्यावरून. दोन्ही उत्तरे जुळेनात. फरक अंशाच्या काही साठाव्या भागांचाच होता. तरीही टायको यांनी तो दुर्लक्षिला नाही. नवी यंत्रे घडवूनही तो कायम राहिला, तेव्हा दोष यंत्राचा नसून हवेचा आहे, हे त्यांनी जाणले. त्या उत्तरेकडील बेटावर हिवाळ्यातील सूर्य भर दुपारीही क्षितिजापासून फार वर येत नाही आणि क्षितिजाजवळ वक्रीभवन सर्वाधिक असते.

त्यांची कोष्टके निर्दोष नव्हती. त्यांनी सूर्याचे अंतर फारच कमी धरले होते, त्यामुळे सूर्याचे आणि ताऱ्यांचे वक्रीभवन त्यांना वेगवेगळे भासले. ठरावीक उंचीनंतर ते नाहीसे होते, असेही त्यांना वाटे. प्रत्यक्षात ते केवळ डोक्यावरच्या बिंदूपाशी शून्य होते.

राजाश्रय संपल्यावर १५९७ साली त्यांनी मायदेश सोडला. प्राग येथे १६०० साली योहानेस केप्लर त्यांचे सहकारी झाले. २४ ऑक्टोबर १६०१ रोजी टायको यांचे निधन झाले. त्यांच्या मंगळाच्या वेधांवरूनच केप्लर यांनी ग्रहांच्या कक्षा लंबवर्तुळाकार असल्याचे १६०९ साली मांडले. लहानशा चुकीचाही माग न सोडणाऱ्या टायको यांच्या चिकाटीचेच ते फळ होते.