खाली पडलेला चिमटा आणि १९ जीव : पटकीची लस आणणाऱ्या हाफकिन यांची गोष्ट

भंडारा : गावोगावी वेशीवर मरीमाय दिसते, ती पटकीची देवी. पटकी म्हणजे कॉलरा. तांदूळ धुतलेल्या पाण्यासारखे जुलाब, उलट्या, आणि सकाळी धडधाकट असलेला माणूस रात्री नाही. या रोगावरची लस घेऊन वाल्डेमार हाफकिन भारतात आले. त्यांच्याच नावाची संस्था मुंबईत परळला आहे. सर्पदंशावरची इंजेक्शनं आणि लेकरांना पाजायचे पोलिओचे थेंब हाफकिनच्या नावानं बनले, म्हणून नाव ऐकलेलं असतं. माणूस मात्र फारसा कोणाला माहीत नाही.

हाफकिन यांचा जन्म १८६० चा, काळ्या समुद्राकाठच्या ओडेसा शहरातला. ज्यू घराणं. पुढं ते पॅरिसला पाश्चर यांच्या संस्थेत गेले, तिथं सुरुवातीला ग्रंथालय सांभाळलं. १८९२ च्या जुलैत पटकीची लस तयार झाली, ती त्यांनी आधी स्वतःला टोचून घेतली. १८९३ मध्ये ते कलकत्त्याला उतरले.

पुढच्या वर्षी तिथल्या काट्टलबागान वस्तीत पटकी आली. जवळपास २०० लोकांची वस्ती, त्यातल्या ११६ जणांनी लस घेतली. त्यानंतर १० जण आजारी पडले, ७ दगावले. ते सगळे लस न घेतलेले. लोकांचा विश्वास बसायला एवढं पुरलं. पण ज्याला रोग जडलाच, त्याला ही लस वाचवत नव्हती.

कारण हा जंतू तोंडावाटे आतड्यात उतरतो आणि तिथं विष सोडतो. मग अंगातलं पाणी अन् मीठ वाहून जातं. रोग्याच्या जुलाबातून तो पाण्यात, भांड्यावर, हातावर येतो. दवाखान्यात तर फार लांब जावं लागत नाही. रोग्याचं भांडं उचललेला हात साबणानं न धुता बाजूच्या खाटेवरच्या पेल्याला लागला की झालं. नातेवाईक हे रोज करतात, आणि कधीकधी कर्मचारीही.

१८९६ ला मुंबईत प्लेग आला. हाफकिन यांनी ग्रँट मेडिकल कॉलेजातल्या लहानशा जागेत त्याचीही लस काढली. १० जानेवारी १८९७ ला पुन्हा पहिली सुई स्वतःलाच.

मग ३० ऑक्टोबर १९०२ चा दिवस आला. पंजाबातल्या मल्कोवाल गावात १०७ जणांना प्लेगची लस टोचली. त्यातले १९ जण धनुर्वातानं मेले. एकोणीसही एकाच बाटलीतले. ठपका हाफकिन यांच्यावर आला, काम गेलं, ते इंग्लंडला परतले. पुढं उलगडलं ते असं : बाटली उघडताना मदतनिसाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता, आणि नीट निर्जंतुक न करता त्यानंच बूच काढलं होतं. धनुर्वाताचा जंतू मातीतच असतो, शेतकऱ्याला हे सांगायला नको.

रोनाल्ड रॉस यांच्यासारखे शास्त्रज्ञ बाजूनं उभे राहिले. १९०७ मध्ये डाग पुसला गेला, पण तोवर पाच वर्षं गेली होती. ते कलकत्त्याला परत आले, परळची खुर्ची मात्र मिळाली नाही. सरकारनं वागणूक बरी दिली नाही, हे उघडच आहे.

१९२५ मध्ये परळच्या प्रयोगशाळेला त्यांचं नाव दिलं गेलं. तेव्हा ते युरोपात राहत होते, लग्न केलेलं नव्हतं. २६ ऑक्टोबर १९३० ला स्वित्झर्लंडच्या लोझान शहरात त्यांचं निधन झालं.