परळीच्या पायऱ्या आणि अहिल्याबाई



गेल्या महाशिवरात्रीला मी आजीबरोबर परळीला गेले होते. वैजनाथाच्या पायऱ्या चढताना आजीला दम लागला. ती मधेच टेकली आणि दगडावर हात फिरवत म्हणाली की, ह्या देवळाचा जीर्णोद्धार अहिल्याबाईनं केलाय. आजीला लिहितावाचता येत नाही, पण अहिल्याबाईचं नाव तिला पाठ आहे. दुसऱ्या दिवशी मी गुरुजींना विचारलं. त्यांनी कपाटातून पुस्तक काढून दिलं. त्यातलं मला जे समजलं ते इथे लिहिते.

अहिल्याबाईंचा जन्म ३१ मे १७२५ रोजी चौंडी गावी झाला. चौंडी जामखेड तालुक्यात, म्हणजे आपल्या जिल्ह्याच्या शिवेलगतच आहे. त्या जिल्ह्याला २०२४ साली अहिल्यानगर असे नाव मिळाले. वडील माणकोजी शिंदे गावचे पाटील. मुलींना शिकवायची तेव्हा रीत नव्हती, तरी त्यांनी लेकीला अक्षरओळख करून दिली. पण लग्नाची रीत काही चुकली नाही. आपण तिसरी-चौथीत असतो त्या वयात ती मल्हारराव होळकरांची सून, खंडेरावांची बायको होऊन गेली. तेव्हा सगळीकडे असंच होतं. आज मुलीचं लग्न अठरा वर्षांआधी करता येत नाही, असा कायदा आहे. तरी दिवाळीनंतर ऊसतोडीला गाड्या निघाल्या की मुलीला मागे कुठे ठेवायचं, ह्या काळजीनं आपल्या भागात पुष्कळ लग्नं घाईनं उरकतात. हे आईबाबांना माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे.

१७५४ साली भरतपूरजवळच्या कुंभेर किल्ल्याला वेढा पडला होता. तिथे तोफेचा गोळा लागून खंडेराव मेले. अहिल्याबाईंनी तिशीसुद्धा गाठली नव्हती. नवरा मेला की बायकोनं त्याच्या चितेवर जळायचं, ह्याला सती जाणं म्हणत आणि त्याला मोठा मान असे. अहिल्याबाई निघाल्याच होत्या. म्हाताऱ्या मल्हाररावांनी त्यांना अडवलं. मुलगा गेला, आता तूच माझा मुलगा, तू गेलीस तर मी कुणाकडे बघू, अशी त्यांनी विनवणी केली आणि त्या थांबल्या. मला वाटतं, लोक काय म्हणतील याची भीती त्या दिवशी सासऱ्यानं बाजूला ठेवली, म्हणून पुढचं सगळं घडलं.

मल्हाररावांनी सुनेला नुसतं घरात बसवलं नाही. हिशेब, पत्रव्यवहार, तोफखान्याची तयारी अशी कामं ते तिच्यावर सोपवत. १७६६ साली ते वारले आणि पुढच्याच वर्षी अहिल्याबाईंचा मुलगा मालेरावही गेला. बाई एकटी पडली असं पाहून राघोबादादा फौज घेऊन निघाले. अहिल्याबाईंनी बायकांची पलटण उभी केली आणि निरोप धाडला की, मी हरले तर बाई हरली एवढंच होईल, तुम्ही हरलात तर तोंड दाखवायला जागा राहणार नाही. दादा लढले नाहीत. माधवराव पेशव्यांनीही कारभार बाईंकडेच ठेवला. मग नर्मदेकाठी महेश्वरला राहून त्यांनी जवळजवळ अठ्ठावीस वर्षे राज्य केलं. तिथे विणकर वसवले, काशी आणि सोमनाथला देवळं बांधली, ठिकठिकाणी घाट आणि विहिरी बांधल्या. विधवेची दौलत सरकारात ओढायची नाही, तिला दत्तक घेऊ द्यायचा, असा न्यायही त्यांनी दिला.

पण पुस्तकात एक पान असं आहे की ते वाचून मी थांबले. १७९१ साली त्यांचे जावई यशवंतराव फणसे वारले. मुलगी मुक्ताबाई सती जायला निघाली. आईनं पायाशी बसून विनवणी केली. मुलीचं म्हणणं पडलं की माझा मुलगा गेला, नवरा गेला, तू म्हातारी, तुझ्यामागं मी कुणाच्या आधारानं जगू? एवढ्या मोठ्या राज्याची मालकीण, तिचा शब्द लेकीपुढे चालला नाही, कारण तो रीतीपुढे चालला नाही. अहिल्याबाई चितेपर्यंत चालत गेल्या. ज्वाळा उठल्यावर दोघांनी त्यांना धरून ठेवलं होतं. मग नर्मदेत स्नान करून त्या घरी आल्या आणि तीन दिवस अन्न घेतलं नाही, बोलल्या नाहीत. हे माल्कम नावाच्या इंग्रज अधिकाऱ्यानं पुढे माळव्यातल्या लोकांना विचारून लिहून ठेवलं. सतीबंदीचा कायदा त्यानंतर अडतीस वर्षांनी, १८२९ साली झाला.

१३ ऑगस्ट १७९५ रोजी अहिल्याबाई महेश्वरला वारल्या.

हे सगळं मी आजीला वाचून दाखवलं. फोटोतल्या अहिल्याबाई पांढऱ्या लुगड्यात असतात, ते पूजेसाठी असेल असं आजीला वाटायचं. त्या विधवा होत्या हे तिला ठाऊकच नव्हतं. आजोबा गेल्यापासून आजी संक्रांतीच्या हळदीकुंकवाला आतल्या खोलीत बसते. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड गावानं २०२२ साली विधवांच्या अशा प्रथा बंद करायचा ठराव केला, हेही मी तिला सांगितलं. ती काही बोलली नाही. रात्री अंथरुणावर पडल्यावर तिनं मला मुक्ताबाईचं पान परत वाचायला लावलं, आणि विचारलं की चौथ्या दिवशी तरी बाई जेवली का. मी कंदील जवळ घेऊन पुढचं पान उलटलं. तिथे लिहिलं होतं की बाई उठल्या आणि लेकीच्या आठवणीसाठी छत्री बांधायला घेतली.