सोलापूरचे दर्यावर्दी

जन्म १८८२ चा, गाव सोलापूर, समुद्र शेकडो मैल दूर. अशा वालचंद हिराचंदांना आगबोटींचा ध्यास लागावा, याचे आम्हां किनाऱ्यावरच्यांना थोडे वैषम्य वाटायला हरकत नाही. पॅसिफिक महासागरावर उतारू नेणारी ‘एम्प्रेस ऑफ इंडिया’ ही बोट पहिल्या महायुद्धात ग्वाल्हेरच्या शिंदे सरकारांनी घेतली, रुग्णनौका म्हणून सजविली व तिचे नाव ‘लॉयल्टी’ ठेवले. १९१९ साली वालचंदांनी सहकाऱ्यांसह ती खरीदली आणि नव्या कंपनीस शिंद्यांचेच नाव दिले. ५ एप्रिल रोजी ती मुंबईहून लंडनला निघाली. १९२३ साली ती मोडीत निघाली, हेही नमूद केले पाहिजे. विकतच्या बोटीवर मात्र वालचंदांचे समाधान नव्हते. विशाखापट्टणला १९४१ साली राजेंद्रप्रसादांच्या हस्ते गोदीची कोनशिला बसली. पुढल्याच एप्रिलात त्या शहरावर जपानी बॉम्ब पडले. अखेर १४ मार्च १९४८ रोजी पंडित नेहरूंनी आठ हजार टनी ‘जलउषा’चे जलावतरण केले. अर्थात सांगाडा पाण्यात उतरला म्हणजे बोट सिद्ध झाली असे नव्हे; तिची उरलेली साजसज्जा धक्क्यालाच चालते. १९५२ साली गोदीचा कारभार सरकारकडे गेला. पुढल्या वर्षी ८ एप्रिल रोजी वालचंद निवर्तले.