पाचगणीचा फारुख, जगाचा फ्रेडी

कीर्तीच्या मागोमाग सुखही येते, असा आपला एक भाबडा समज असतो. फ्रेडी मर्क्युरी या गायकाचे अवघ्या ४५ वर्षांचे आयुष्य तो समज खोटा ठरविते.

५ सप्टेंबर १९४६ रोजी झांझिबारमधील एका पारशी कुटुंबात जन्मलेला फारुख बुलसारा बालवयातच पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत दाखल झाला. पियानोचे धडे त्याने तेथेच गिरविले. सवंगड्यांसह पहिला वाद्यवृंदही तेथेच उभारला. १९६४ च्या क्रांतीनंतर कुटुंबाने इंग्लंड गाठले आणि १९७० मध्ये ब्रायन मे व रॉजर टेलर यांच्यासह ‘क्वीन’ची स्थापना झाली. पुढच्याच वर्षी जॉन डीकन त्यांना येऊन मिळाला.

१९७५ चे ‘बोहेमियन ऱ्हॅप्सडी’ हे सुमारे सहा मिनिटांचे गीत ब्रिटनमध्ये नऊ आठवडे अग्रस्थानी राहिले. परंतु त्याच तबकडीच्या दुसऱ्या बाजूस टेलरचे गीत होते आणि त्यालाही तेवढाच मोबदला मिळाला. श्रेय आणि पैसा यांवरून चौघांत खटके उडत राहिले. १९८९ मध्ये सर्व गीते चौघांच्या नावे प्रसिद्ध करण्याचे शहाणपण सुचले, तेव्हा कुठे ही कटुता ओसरली. १९८४ मध्ये वर्णद्वेषी दक्षिण आफ्रिकेत गाण्याच्या त्यांच्या निर्णयाचे समर्थन मात्र करता येणार नाही. पुढच्या वर्षी वेम्बलीवर दुष्काळग्रस्तांसाठी झालेल्या कार्यक्रमात त्यांनी वीसएक मिनिटांत अवघे मैदान जिंकले.

खासगी जीवनात मात्र फ्रेडी अंतर्मुख होता. मेरी ऑस्टिनशी असलेले सहजीवन त्याच्या पुरुषांविषयीच्या ओढीमुळे संपले. स्नेह संपला नाही. आपले घर त्याने तिच्याच नावे ठेवले. एड्सचे निदान झाल्यावरही तो गात राहिला आणि आपसांत भांडणाऱ्या सहकाऱ्यांनी त्याचे गुपित प्राणपणाने जपले. २३ नोव्हेंबर १९९१ रोजी त्याने आजार जाहीर केला; दुसऱ्याच दिवशी त्याची प्राणज्योत मालवली. अंत्यविधी पारशी धर्माप्रमाणे झाले.

त्याने आजार इतका काळ का लपविला, असे विचारणाऱ्यांनी आपल्या गोव्याकडे पाहावे. १९८९ मध्ये डॉमिनिक डिसोझा या तरुणाला केवळ रक्तात एच.आय.व्ही. आढळला म्हणून म्हापशात दोन महिने कोंडून ठेवले गेले आणि ते कायद्याच्या आधारानेच! जेथे समाज रुग्णाला गुन्हेगार ठरवितो, तेथे मौन हाच त्याचा आसरा होतो. फ्रेडीच्या स्वरांना टाळ्या देणाऱ्यांनी त्या मौनाचा अर्थही समजून घ्यावा.